गिळायचं नाही

नंदीश कलशेट्टी काय काम करतो हे जळकोटातल्या माणसाला एका वाक्यात सांगता येत नाही, आणि जे एका वाक्यात सांगता येत नाही त्याची गावात टिंगल होते. कुणी म्हणायचं, दारूच्या कारखान्यात आहे. कुणी म्हणायचं, दिवसभर फुकटची ढोसतो आणि वर पगार घेतो. एसटीच्या थांब्यावर बसणाऱ्या रिकामटेकड्यांनी तर त्याचं नावच 'चाख्या' पाडलं होतं. तो मोटरसायकलवरून गेला की ही मंडळी हवेत पेला धरून हुंगायची, डोळे मिटायची आणि शेजाऱ्याच्या चपलेजवळ पचकन थुंकायची. नंदीश हसून घ्यायचा. दुसरं करणार काय?

खरं काम असं होतं. महामार्गाला लागून, नळदुर्गकडे जाताना, द्राक्षबागांच्या मध्ये एक लहानशी वायनरी उभी राहिली होती. तिथं हिरव्या द्राक्षांची पांढरी वाइन व्हायची, आणि द्राक्षांचा हंगाम सरला की सफरचंदाची सायडर. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली हलकी, फेसाळ दारू. सफरचंद काही आपल्या मुलखात पिकत नाही. उत्तरेकडून सोलापूरच्या बाजारात येणाऱ्या पेट्यांतला डागी, बारका माल वायनरी स्वस्तात उचलायची. नंदीश रसायनशास्त्रातला बीएस्सी. वाइनचा आंबटपणा मोजायला म्हणून तो तिथं लागला. पण यंत्र आकडा सांगतं, चव सांगत नाही. चव सांगायला जीभ लागते, आणि ती नंदीशकडे निघाली. रोज सकाळी टाक्यांमधून थोडं थोडं पेल्यात काढायचं, पेला गोल फिरवायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, मग घोटभर तोंडात घेऊन जिभेवर, गालात, हिरड्यांवर घोळवायचं, वरून जराशी हवा ओढायची आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचं. गिळायचं नाही. गिळत बसला तर तिसऱ्या टाकीपाशीच माणूस गाणी म्हणायला लागेल.

त्यानंतर सांगायचं, आणि सांगणं हेच अवघड होतं. वाइन बनवण्याचं सगळं बघणारी अस्मिता पुण्याकडची होती. ती शिकून आली तेव्हा तिच्याजवळ वासांची एक मोठी यादी होती, त्यात सगळी परदेशी फळं. नंदीशनं त्यातलं एकही खाल्लेलं नव्हतं. "तुम्हाला जे आठवतं तेच सांगा," अस्मिता म्हणाली. मग तो सांगायला लागला. या टाकीला कैरीच्या देठाचा वास येतोय. ही हुरड्याच्या कणसासारखी हिरवट आहे, अजून दुधात आहे. ही तोंडात येताना लिंबासारखी येते आणि जाताना पेरूची साल ठेवून जाते. ही सायडर चांगली सुरू होते, पण मागून भिजल्या गोणपाटासारखी कुबट लागते, हिच्यात काहीतरी बिघडलंय. अस्मिताला ते पटायचं, कधी पटायचं नाही. तो चुकायचाही. एकदा त्यानं अख्खी टाकी नासली म्हणून घाबरवून सोडलं, आणि दोष निघाला त्यानं सकाळी भाकरीबरोबर खाल्लेल्या लसणाच्या चटणीचा. तेव्हापासून प्रतीक्षा, त्याची बायको, सकाळच्या डब्यात चटणी द्यायची बंद झाली.

ही जीभ त्याला बापाकडून आली होती, हे सांगायची कुणाला गरज नव्हती. शरणबसप्पा कलशेट्टींचं गावात किराणा दुकान. गुळाची ढेप आली की ते कडेचा एक खडा मोडायचे, जिभेवर ठेवायचे आणि गूळ कुठला, यंदाचा की मागचा, रसात चुना जास्त पडलाय का, हे सांगून मोकळे व्हायचे. चिंच, सुंठ, तूरडाळ, काहीही असो. लहानपणी नंदीश त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायचा आणि अप्पा खडा अर्धा करून त्याच्या तोंडात घालायचे. "सांग," म्हणायचे. पोरगं बरोबर बोललं की त्यांच्या मिशा हसायच्या.

अप्पा कट्टर लिंगायत. गळ्यात चांदीच्या चौक्यातलं इष्टलिंग, सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. लिंगाला दाखवल्याशिवाय ते घास घेत नसत, आणि लिंगाला दाखवलं की ते जेवण राहत नसे, प्रसाद होत असे. प्रसाद टाकायचा नसतो. जेवण झालं की अप्पा ताटात पाणी ओतायचे, बोटानं ताट चोळून घ्यायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचे. शीत राहायचं नाही, डाग राहायचा नाही. पाहुण्यांनी ताटात टाकलेलं बघितलं तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

अशा माणसाचा मुलगा वायनरीत लागला.

"दारू पिनार तू?" अप्पांनी विचारलं होतं.

"पीत न्हाय अप्पा. तोंडात घेतो आन् थुंकतो. एक थेंब पोटात जात न्हाय."

नंदीशला वाटलं, हे ऐकून त्यांचा राग उतरेल. झालं उलटंच. "पिला असतास तर पिनारा हाय म्हनून सोडून दिलं असतं," ते म्हणाले. "तोंडात घेतलेलं थुंकतोस? रोज? ह्येचा पगार घेतोस?"

त्या दिवसापासून त्यांनी नंदीशच्या हातचं काही घेतलं नाही. घराबाहेर काढलं नाही, बोलणं टाकलं नाही. दुकानाचं, लग्नाकार्याचं, आडतीचं सगळं बोलायचे. पण नंदीशनं पाण्याचा तांब्या पुढं केला की ते तो एका बोटानं बाजूला सारायचे आणि स्वतः उठून रांजणातून पाणी घ्यायचे. चहा त्यानं आणला तर निवत पडायचा. पान त्यानं लावलं तर तसंच सुकायचं. वर्षं गेली, नंदीशचं लग्न झालं, डोक्यावरचे केस विरळ झाले, तरी ते एक बोट काही मऊ झालं नाही. लोकांच्या टिंगलीचं नंदीशला खरंच काही वाटत नव्हतं. या बोटाचं वाटायचं. अप्पांनी एकदा, फक्त एकदा, आपल्या हातचं घ्यावं, एवढीच त्याची आस होती, आणि ती तो कुणाला बोलून दाखवत नव्हता. बोलून काय उपयोग? बाप तसा होता.

यंदा शिवरात्रीच्या आधी अप्पांना लकवा झाला. दुकानात गिऱ्हाइकाला साखर देता देता तराजूवरच कलंडले. उमरग्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावं अंग गेलेलं होतं, तोंड एका बाजूला ओघळलेलं, बोलणं जड पण कळण्याजोगं. नाकातून पोटापर्यंत नळी घातलेली. डॉक्टरांनी नंदीशला आणि त्याच्या आईला, उमादेवीला, समोर बसवून सांगितलं होतं, "तोंडानं काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. यांच्या गिळायच्या नसा गेल्यात. गिळलेलं पोटात न जाता फुफ्फुसात जाईल, आणि या वयात ते झेपणार नाही. तीन महिन्यांनी परत तपासू." उमादेवीनं पदर तोंडाला लावला होता. घरी तिला सगळे अव्वा म्हणत. जाताना तिनं डॉक्टरांना नमस्कार केला.

डाव्या तळहातावर लिंग धरता येईना, म्हणून अप्पांची पूजा अव्वाच करायला लागली. नळीतून पेज, डाळीचं पाणी, ताक ओतायचं काम नंदीशकडे आलं. मोठ्या सिरिंजमध्ये भरायचं आणि हळूहळू सोडायचं. पहिल्या दिवशी त्यानं सिरिंज हातात घेतली तेव्हा अप्पांनी मान भिंतीकडे वळवली. एवढंच त्यांना जमत होतं. पेज खाली उतरत राहिली. नंदीशच्या मनात आलं, हे काही आपल्या हातचं घेणं नव्हे, हे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं आहे. त्याला फार वाईट वाटलं, पण सिरिंज तर रोजच धरावी लागत होती.

भेटायला येणारे सफरचंदं आणायचे. आजाऱ्याला दुसरं काय न्यायचं, हे आपल्याकडं कुणाला सुचत नाही. ज्याला पाणी गिळता येत नाही त्याच्या उशाशी लालभडक सफरचंदांचा ढीग लागला. अप्पा त्याच्याकडे बघायचेही नाहीत. त्यांना छळत होता तो स्वयंपाकघराचा वास. फोडणी पडली, भाकरी भाजली, की त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायचं. प्रतीक्षा दार लावून स्वयंपाक करायला लागली, तर अप्पांनी हातानं खूण करून दार उघडायला लावलं.

एकदा दुपारी नंदीश त्यांच्या खोलीतच ताट घेऊन बसला होता. अप्पा म्हणाले, "कसं झालंय?"

"काय?"

"वांगं."

"चांगलं झालंय."

अप्पांचा उजवा हात चादरीवर आपटला. "चांगलं म्हंजे? तिथं चांगलं झालंय म्हनूनच पगार घेतोस व्हय?"

नंदीशच्या हातातला घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत अप्पांनी त्याच्या कामाचं नाव पहिल्यांदा काढलं होतं. त्यानं घास तोंडात घातला, हळूहळू चावला, टाकीसमोर उभा राहिल्यासारखा. मग सांगायला लागला. वांगं कोवळं आहे, बिया अजून कडवट झालेल्या नाहीत. दाण्याचा कूट जरा जास्त भाजला गेलाय, त्यामुळं मागं किंचित कडसर लागतं, पण ते बरं लागतं. चिंच नाही, आमसूल घातलंय. तिखट आधी लागत नाही, गिळल्यावर कानाशी येतं. अप्पांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा उजवा गाल हलत होता.

"काळा मसाला जुना हाय," ते म्हणाले.

तो जुनाच होता. नंदीशनं ते सांगितलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. नंदीश खायचा आणि सांगायचा, अप्पा ऐकायचे आणि चुका काढायचे. त्यानं तुरट म्हटलं की ते "ओगर म्हन" म्हणायचे. घरातला कानडी शब्द त्यांना तुरटपेक्षा खरा वाटायचा. उशाशी पडलेल्या सफरचंदांतलं एक त्यांनी कापायला लावलं, त्याची चव सांगायला लावली, आणि मग विचारलं, "ह्येची दारू करता तुमी?"

"व्हय."

"आजाऱ्याच्या फळाची." त्यांचं अर्धं तोंड हसलं. "सांग कशी लागती."

नंदीशनं सायडर सांगितली. आधी जिभेला टोचणारे बुडबुडे, मग सफरचंदाची साल, गर नव्हे, साल. गोडी जवळजवळ नाहीच, गोडी सगळी रस आंबवणाऱ्या यीस्टनं खाल्लेली असते. मागं थोडंसं ओल्या लाकडासारखं, आणि शेवटी तोंड स्वच्छ धुतल्यासारखं होतं, परत घ्यावंसं वाटतं. मग पांढरी वाइन सांगितली, आपल्याच भागातल्या द्राक्षांची. कैरी, लिंबाची पानं, आणि हिरड्यांवर बसणारं ते ओगर. अप्पा ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण आवडल्याचंही काही नव्हतं.

"आन् मग थुंकतोस," ते म्हणाले.

"व्हय अप्पा."

त्या रात्रभर नंदीशच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, आणि सकाळी ती त्यानं प्रतीक्षाला सांगितली. आपण दिवसभर तोंडात घेतो आणि थुंकतो. पोटात काही जात नाही, चव मात्र सगळी मिळते. मग अप्पांना तसंच शिकवलं तर? चमचाभर तोंडात धरायचं, घोळवायचं आणि भांड्यात थुंकायचं. प्रतीक्षा म्हणाली, आधी डॉक्टरांना विचारा. नंदीश म्हणाला, "गिळायचंच न्हाय तर त्यात विचारायचं काय?" तो आपल्या कामावर इतका भरवसा ठेवून होता की त्याला खरंच त्यात धोका दिसला नाही. शहाणी माणसं मूर्खपणा करतात तो असाच, आपल्याला जे उत्तम येतं त्यातच.

पहिल्या दिवशी त्यानं चिंचेचं पातळ पाणी नेलं. अप्पांना उशा लावून ताठ बसवलं, मान पुढं झुकवली, हनुवटीखाली टॉवेल धरला. चमचा पाहून अप्पा म्हणाले, "लिंगाला दावलंय का?"

"न्हाय."

"मग दे."

चमचा ओठांपाशी गेला आणि अप्पांनी तोंड उघडलं. अप्पांनी पाणी तोंडात धरलं, उजव्या गालात घोळवलं आणि तिरप्या ओठातून टॉवेलवर, भांड्यात, थोडं नंदीशच्या मनगटावर थुंकून टाकलं. मग दोन्ही डोळे मिटून ते पडून राहिले. "हांऽ," एवढंच म्हणाले. पुढच्या दिवसांत गुळाचं पाणी झालं, ताक झालं, लिंबू झालं, कैरीचं सार झालं. दर वेळी अप्पा आधी विचारायचे, लिंगाला दावलंय का, आणि नंदीश न्हाय म्हणायचा. मग काही दिवसांनी त्यांनी विचारणं सोडलं. मुलावर त्यांचा विश्वास बसला होता, दुसरं काय. अव्वा दारातून बघायची. तिला ते थुंकणं बघवायचं नाही, पण नवऱ्याचं तोंड उजळलेलंही तिला दिसायचं, म्हणून ती गप्प राहायची.

नंदीश सुखात होता. पण त्या सुखाला एक खोट होती आणि ती त्याला ठाऊक होती. अप्पा आता त्याच्या हातचं तोंडात घेत होते, पण जसा तो वाइन घेतो तसे. घेत होते आणि थुंकत होते.

बसवजयंतीला घरात हुग्गी झाली. खपली गव्हाची, गूळ, सुंठ, खोबरं घातलेली ही खीर सणाला घरोघर होते. अव्वानं सकाळी देवघरात लिंगाची पूजा केली, हुग्गीची वाटी पुढं ठेवली, विभूती लावलेल्या बोटांनी वाटीवर बेलाचं पान ठेवलं, नमस्कार केला आणि पान उचलून लिंगावर वाहिलं. वाटी तिथंच राहिली. मग ती शेजारणीकडं हळदीकुंकवाला गेली. प्रतीक्षा पाहुण्यांच्या ताटांच्या गडबडीत होती. नंदीश वायनरीतून जरा लवकर आला. नव्या सायडरच्या टाक्या चाखून आला होता, जीभ अजून जागी होती. आज अप्पांना हुग्गी चाखवायची, हे त्यानं येतानाच ठरवलं होतं.

चुलीवरचं पातेलं वाफाळत होतं. नंदीशनं त्यात चमचा घातला आणि तसाच बाहेर काढला. कढत पदार्थाची चव कळत नाही. जीभ भाजते आणि बारीकसारीक सगळं हरवतं. वायनरीत ही पहिली शिकवण असते, नमुना थंड हवा. त्याची नजर देवघरातल्या वाटीवर गेली. ती निवलेली होती. प्रसादाची वाटी म्हणून त्याला ती दिसलीच नाही. निवलेला नमुना म्हणून दिसली. त्यानं ती उचलली, हुग्गीत कोमट पाणी घालून सैल केली, गाळून घेतली आणि खोलीत गेला.

अप्पांना त्यानं बसवलं. टॉवेल, भांडं, सगळं नेहमीचं. "अप्पा, वळखा," तो म्हणाला. अप्पांनी विचारलं नाही. तोंड उघडलं. चमचा आत गेला. अप्पांनी डोळे मिटले, उजवा गाल हलायला लागला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की नंदीशला दुकानात गुळाचा खडा जिभेवर ठेवणारे अप्पा आठवले. मग गाल थांबला. अप्पांनी डोळे उघडले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या देवघराकडे. उजवा हात वर नेला आणि तीन बोटं कपाळावरून आडवी ओढली.

विभूती. अव्वाच्या बोटांची इवलीशी राख त्या वाटीत उतरली होती आणि ती त्यांच्या जिभेला लागली होती.

"अप्पा, थुंका," नंदीश म्हणाला. भांडं त्यानं ओठांना लावलं. "अप्पा, माज्याकडनं चूक झाली. थुंका. शिवा माफ करंल. थुंका!"

अप्पांनी ओठ मिटून घेतले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, शांतपणे, आणि गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, तिथंच अडखळली, आणि मोठ्या कष्टानं खाली आली. मग खोकला सुटला. नंदीशनं पाठ चोळली, प्रतीक्षा धावत आली, खोकला किती वेळ थांबेना. थांबला तेव्हा अप्पांचं तोंड निळं झालं होतं, आणि पहिलं काम त्यांनी केलं ते वाटीकडे बोट दाखवण्याचं. वाटीत उरलं होतं. प्रसाद टाकायचा नसतो. नंदीश ढसाढसा रडत मान हलवत राहिला, नाही, नाही, आता नाही. अप्पांनी बोट वाटीवरून त्याच्याकडे वळवलं.

तेव्हा नंदीशनं ती वाटी तोंडाला लावली. सगळी संपवली. पाणी घालून वाटी बोटानं चोळली आणि ते पाणी प्यायला, एक थेंब न ठेवता. अप्पा बघत होते.

"सुंठ जरा पुढं गेली," ते म्हणाले, घोगऱ्या आवाजात.

संध्याकाळपर्यंत त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली आणि अंग तापलं. उमरग्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, तोंडानं काही दिलं होतं का, आणि नंदीशनं हो म्हटलं. आठवडाही गेला नाही. शेतात खड्डा खणला, अप्पांना बसवून, हातात लिंग देऊन, बेल आणि विभूतीनं भरून मातीआड केलं. एसटीच्या थांब्यावरची मंडळीही माती द्यायला आली होती, आणि त्यांच्यातलं कुणी हसलं नाही.

भेटायला येणाऱ्यांना अव्वा एकच गोष्ट सांगायची. "बसवजयंतीचा परसाद मुखात घेऊन गेलेत." ऐकणाऱ्या बायका हात जोडायच्या. असं मरण कुणाला मिळतं, म्हणायच्या, पुण्यवान माणूस. नंदीश कोपऱ्यात बसून हे ऐकायचा. एकीनं तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, "तुज्या हातानं घेतला म्हनं बाबा, लई भाग्याचा हाईस." त्याला तिथून उठून जावंसं वाटलं, पण जायला जागा नव्हती.

तो कामावर गेला. अस्मितानं नव्या सायडरचा पेला हातात दिला. त्यानं फिरवला, हुंगला, तोंडात घेतला आणि तसाच उभा राहिला. तोंडात सफरचंदाची साल होती, बुडबुडे होते, सगळं व्यवस्थित होतं. त्यानं थुंकलं. अस्मितानं विचारलं, कशी आहे? "चांगली आहे," तो म्हणाला. ती पेन धरून वाट बघत राहिली, पण त्यापुढं त्याला एक शब्द सुचला नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं मनाशी घट्ट धरून ठेवली होती, आणि तिच्यावरच तो दिवस काढत होता. अप्पांनी गिळलं होतं. जीव जाईल हे ठाऊक असून, त्याच्याकडे बघत, त्याच्या हातचं गिळलं होतं. इतक्या वर्षांचं ते बोट शेवटी बाजूला झालं होतं. आपण बाप मारला हे खरं, पण बापानं आपल्याला माफ केलं हेही खरं. असं तो स्वतःला सांगायचा, आणि त्यावर त्याला झोप लागायची.

महिन्याभरानं एका दुपारी अव्वा अंगणात बसून गहू निवडत होती. नंदीश तिच्याजवळ जाऊन बसला. त्यानं सगळं सांगून टाकलं. वाटी देवघरातून मीच उचलली. निवलेली हवी म्हणून. प्रसाद आहे हे डोक्यातच आलं नाही. अव्वानं सूप खाली ठेवलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "वाटी जाग्यावर नव्हती. मला त्याच दिशी कळलं."

"मग काई बोलली न्हाईस?"

"काय बोलायचं? तुजा काई दोष न्हाय त्यात."

"अव्वा, त्येनी माज्या हातचं घेतलं..."

अव्वानं त्याचा हात आपल्या हातात घेतला. त्याच्या मनावरचं ओझं उतरवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. ती त्याला लहान पोराला समजावतात तसं समजावत होती.

"तू उगं जिवाला लावून घेऊ नकोस बाळा," ती म्हणाली. "तुज्या हाताचा काई संबंदच न्हाय. परसाद होता म्हनून गिळला त्येनी. नुसतं तुज्या हातचं असतं, तर थुंकलंच असतं की."

नंदीशनं "व्हय" म्हटलं, आणि तिच्या सुपातले खडे वेचायला लागला.